वैद्यक परिषदेचा कायदा बदलायचाय? गावातून नागपूर अधिवेशनापर्यंत कागद असा न्या

गडचिरोलीतल्या भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला डॉक्टरच्या गैरवर्तनाची तक्रार करायची, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं (ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेचं) कार्यालय थेट मुंबईत. सुनावणी नागपूर-अमरावतीला व्हावी, निकाल वेळेत लागावा, या मागण्या रास्तच आहेत. पण कोणत्या कायद्यातलं काय बदलायचं, हे न लिहिलेलं निवेदन फायलीला लागतं आणि तिथंच राहतं.

म्हणून आधी मागण्या वेगळ्या करा. सहा महिन्यांत निकाल, ही मुदत २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या विनियमांत आधीच आहे. तिथं नवा कायदा नको, अंमलबजावणी मागा. (ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यांचा हवाला देऊ नका.) परिषदेची रचना, सदस्य, चौकशीची पद्धत हे महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ मध्ये येतं, ते विधिमंडळाचं काम. रुग्णाच्या अपिलाचं मात्र घोडं दिल्लीत अडलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३० मध्ये परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपिलाचा हक्क डॉक्टरला दिलाय, तक्रारदाराचा उल्लेखच नाही. २००२ च्या विनियमांत तो कोणालाही होता. ही मागणी आमदाराकडे नेऊन उपयोग नाही, खासदाराकडे न्या. वैद्यकीय व्यवसाय हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा विषय आहे. राज्याची दुरुस्ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरली तर राष्ट्रपतींची संमती लागते, नाहीतर केंद्राचाच कायदा चालतो.

बोगस डॉक्टरचा विषय यात घुसवू नका. नोंदणी नसताना दवाखाना थाटणं हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खालचा गुन्हा; तो पोलिसांत जातो. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या परिषदाही वेगळ्या. एकाच अर्जात सगळं कोंबलं की अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो.

आकडे माहिती अधिकारातून मिळवा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. एवढंच विचारा: गेल्या तीन वर्षांत विदर्भातून जिल्हावार किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, सहा महिन्यांवर किती रखडल्या. ‘विलंब का झाला’ असं विचारू नका. अधिकारी कारण द्यायला बांधील नसतो आणि अर्ज तिथंच मरतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

ग्रामसभेचा ठराव घ्यायचा तर १५ ऑगस्टच्या सभेत. २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणीत माणूस घरी सापडत नाही आणि गणपूर्ती (मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते) होत नाही. ठरावात सूचक-अनुमोदकांची नावं हवीत आणि प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्याची. नुसत्या ठरावाने कायदा बदलत नाही. पण आमदाराच्या हातात सभागृहात दाखवायला कागद येतो.

मसुदा विधेयकाच्याच भाषेत लिहा. ‘सुनावणी जवळ व्हावी’ नको. परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली ‘परंतु’ने सुरू होणारी अट, असं लिहा: ‘चौकशीसंबंधीच्या कलमास पुढील परंतुक जोडण्यात यावे: परंतु, तक्रारदार नागपूर किंवा अमरावती महसुली विभागातील रहिवासी असल्यास सुनावणी त्या विभागाच्या मुख्यालयी घेण्यात येईल.’ कलमाचा क्रमांक मूळ अधिनियम समोर ठेवूनच घाला. खाली उद्देश व कारणे, अर्ध्या पानात, माहिती अधिकाराच्या आकड्यांसह. खर्चाचा प्रश्न हमखास निघतो, त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवा: जिल्हाधिकारी कार्यालयातल्या दूरदृश्य यंत्रणेवरून सुनावणी.

पत्ता चुकवू नका. जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, पण परिषद वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाकडे. आरोग्यमंत्र्यांना दिलेलं निवेदन ‘पुढील कार्यवाहीस्तव’ म्हणून पुढं सरकतं आणि अधिवेशन उलटून जातं.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, नागपुरात. कागद दिवाळीच्या आतच आमदाराच्या स्वीय सहायकाला द्या; तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आधीच दाखल करावे लागतात. अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं) मागून मोठेपणा मिळतो, पण ते मंजूर होणं दुर्मीळ. त्यापेक्षा प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) धरा. मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून निर्णय घेऊ’ म्हटलं तर तारीख आणि कार्यवाहीतला मजकूर मिळवून ठेवा. ते आश्वासन पाळलं गेलं नाही तर पुढचा अर्ज त्याच उताऱ्यासह विधानमंडळाच्या आश्वासन समितीकडे करायचा.