व्हेटो इथे नसतो! एमयूएनच्या आरोग्य कमिटीत या चुका टाळा

इंदूरच्या शाळांत एमयूएनचे, म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी (डेलिगेट) बनून चालवायच्या नकली संयुक्त राष्ट्रसंघाचे, दिवस आले की आमचं जेवणाचं टेबल जिनिव्हा होतं. भाची डेलिगेट, मी अध्यक्ष, आणि आमची आई पोह्यांची बशी मध्ये सरकवून 'मोशन पास' म्हणणारी. यंदा कमिटी होती जागतिक आरोग्य संघटनेची आणि विषय मानवी क्षमतावर्धन तंत्रज्ञान, म्हणजे जनुक संपादन, मेंदूतली चिप वगैरे. भाचीला नायजेरिया मिळाला आणि ती हिरमुसली. "मावशी, अमेरिका मिळाली असती तर काहीतरी बोलता तरी आलं असतं."

बहुतेक मुलं इथेच घसरतात. बलाढ्य देश मिळाला नाही म्हणून रडायचं आणि मग भाषणात सायबॉर्ग, सुपरसैनिक असा सिनेमा उभा करायचा. आधी आपल्या देशाचं दुखणं शोधा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सगळ्यात मोठा भार नायजेरियावर आहे. याच आजारावरच्या 'कॅसजेव्ही' या क्रिस्पर (जनुक संपादनाचं तंत्र) उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, महिनाभरात अमेरिकेनेही दिली. अमेरिकेतली त्याची किंमत? २२ लाख डॉलर. ज्यांना आजार आहे त्यांच्या आवाक्यात औषध नाही, हा मुद्दा नायजेरियाइतका ठासून कोण मांडणार?

यापुढची चूक मला जास्त खटकते, कारण ती हुशार मुलंही करतात: सगळं 'जीन एडिटिंग' एकाच पोत्यात भरणं. कॅसजेव्हीत रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून बदलतात आणि परत देतात. तो बदल त्याच्या मुलांत जात नाही. याउलट २०१८ मध्ये चीनमध्ये हे जिआनकुई ('हे' हे आडनाव) या शास्त्रज्ञाने भ्रूणांमध्ये सीसीआर५ हे जनुक बदललं, एचआयव्ही होऊ नये म्हणून. जुळ्या मुली जन्मल्या. तो बदल पुढच्या पिढ्यांपर्यंत जाऊ शकतो. त्या भ्रूणांना कुठलाही आजार नव्हता, मग याला उपचार म्हणायचं की वर्धन? खरा वाद इथे आहे. चीनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद दिली. या दोन गोष्टींत फरक न करता 'बंदी घाला' म्हटलंत, तर सिकलसेलच्या रुग्णाचा उपचारही त्यात बुडतो. नायजेरियाने तसं म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

आता ठरावाचा मसुदा. भाचीने पहिल्या कलमात लिहिलं होतं, "ही सभा मानवी क्षमतावर्धनावर तात्काळ बंदी घालते." मी विचारलं, पोलीस कुठून आणणार? जागतिक आरोग्य सभेचे, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेचे, ठराव साधारणपणे बंधनकारक नसतात. ठराव सदस्य देशांना आवाहन करतो, महासंचालकांना विनंती करतो. बंधनकारक करार हवाच असेल तर संघटनेच्या घटनेचं कलम १९ आहे, त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात आणि करार लागू होतो तो पुढे मान्यता देणाऱ्या देशांनाच. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा करार या वाटेने झालेला पहिला. आणि व्हेटो, म्हणजे नकाराधिकार? तो फक्त सुरक्षा परिषदेत, पाच कायम सदस्यांना. आरोग्य कमिटीत दर वर्षी कोणीतरी पोरगं छाती काढून 'आम्ही व्हेटो करतो' म्हणतंच.

खोडून खोडून कलम झालं असं: "सदस्य देशांना आवाहन करते की, आनुवंशिक आजारांवरील मान्यताप्राप्त जनुकीय उपचार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांना परवडतील अशी किंमत ठरवण्यासाठी सहकार्य करावे." रुक्ष आहे, पण यावर सह्या मिळतात.

बाकी किरकोळ: 'मी' न म्हणता 'नायजेरियाचे प्रतिनिधी' म्हणा, नव्वद सेकंदांचं भाषण घड्याळ लावून वाचा, आकडा आठवला नाही तर ठोकून देऊ नका, 'चिठ्ठीने उत्तर पाठवतो' म्हणा.

सरावात भाचीचाही पाय घसरलाच. नायजेरियाची पाटी पुढ्यात ठेवून म्हणाली, "आमच्या झाबुआत सिकलसेल..." आई हसून हसून पोहे सांडायच्या बेतात. मुद्दा खोटा नव्हता. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी भागात हा आजार आहे, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही १ जुलै २०२३ ला याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाली. फक्त तोंड चुकलं होतं.

कमिटीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन. "मावशी, भारताची डेलिगेट आमच्या ब्लॉकमध्ये, आमच्या बाजूच्या देशांच्या गटात, येतेय. झाबुआ तिला देऊन टाकू?"