बाह्यग्रहाच्या कक्षेतील चिन्हाची चूक कशी शोधावी आणि दुरुस्त करावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात प्रकल्प म्हणून बाह्यग्रहांच्या (म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या) कक्षांचे प्रारूप पायथनमध्ये लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका चुकीपासून फार जपले पाहिजे, कारण ती असूनही आलेखावरची रेषा निरीक्षणांच्या ठिपक्यांतून अचूक जाते. ही चूक म्हणजे ग्रहाच्या ओढीने हलणाऱ्या ताऱ्याच्या वेगाच्या सूत्रातील उलटे चिन्ह.

प्रथम संकेत लिहून ठेवावा. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर वेग धन, आणि ओमेगा हा निकटतम बिंदूची (जेथे ग्रह व तारा एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात) दिशा सांगणारा कोन ताऱ्याच्या कक्षेचा, ग्रहाच्या नव्हे. या दोहोंत बरोबर १८०° चा फरक असतो. या संकेतानुसार वेग = के × [कॉस(न्यू + ओमेगा) + ई × कॉस(ओमेगा)]. येथे ई ही उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे याचे माप), के हा वेगाचा आयाम आणि न्यू हा ताऱ्याशी सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजलेला कोन होय. सूत्राच्या सुरुवातीला चुकून उणे चिन्ह पडले, तर संगणक ओमेगा १८०° ने फिरवून तेच वक्र काढतो.

उत्केंद्रताही ही चूक उघड करत नाही. पुष्कळ संगणक-प्रणालींत √ई कॉस(ओमेगा) आणि √ई साइन(ओमेगा) हे दोन चल वापरतात व त्यांच्या वर्गांच्या बेरजेतून ई मिळते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनी सांगून ठेवले आहे की धन आणि ऋण या दोन्ही संख्यांचा वर्ग धनच येतो. म्हणून दोन्ही चलांची चिन्हे उलटली तरी ई तीच राहते.

त्यामुळे तपासणी अधिक्रमणाच्या, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या वेळेवरच करावी. वर्तुळाकार कक्षा घेऊन अधिक्रमणापूर्वी पाव आवर्तकाल (एका प्रदक्षिणेच्या वेळेचा चौथा भाग) असतानाचा वेग काढावा. तो +के यायला हवा, कारण तेव्हा ग्रह आपल्याकडे येत असतो आणि तारा दूर जात असतो. उणे आल्यास चूक सापडली.

मग एचडी ८०६०६ बी हा अतिशय लांबट कक्षेचा बाह्यग्रह घ्यावा. आवर्तकाल सुमारे १११.४ दिवस, ई ०.९३, ओमेगा सुमारे ३०१°. अधिक्रमणाच्या क्षणी न्यू + ओमेगा = ९०° असते, म्हणून ते निकटतम बिंदूनंतर सुमारे पावणेसहा दिवसांनी आले पाहिजे. ओमेगा १२१° आला, तर तेच उत्तर निकटतम बिंदूच्या सुमारे तीन तास आधीचे येते, जेव्हा खरे तर ग्रह ताऱ्यामागे लपतो. इतकी स्पष्ट कसोटी दुसऱ्या ग्रहावर क्वचितच मिळेल.

दुरुस्ती वेगाच्या मूळ फलनात, एकाच ठिकाणी करावी. आलेख काढताना किंवा निकाल छापताना वेगळे उणे चिन्ह लावू नये. चलांवरून ओमेगा काढताना आर्कटॅन२ला (दोन चलांवरून कोन काढणाऱ्या फलनाला) साइनचा चल आधी दिला आहे, हेही पाहावे. वरील दोन्ही तपासण्या कायमच्या चाचण्या म्हणून प्रणालीत ठेवाव्यात, आणि बदलांच्या नोंदीत स्पष्ट लिहावे की जुन्या निकालांतील ओमेगामध्ये १८०° मिळवावेत, बेरीज ३६०° किंवा अधिक झाल्यास ३६०° वजा करावेत, आणि त्यावरून वर्तवलेल्या अधिक्रमणाच्या वेळा पुन्हा काढाव्यात.