सशुल्क व्हीपीएन घेण्यापूर्वी त्याची विश्वासार्हता कशी तपासावी

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत बसून परदेशी ग्राहकांशी टॉवेलचे व्यवहार करणारा व्यापारी असो, की सोलापूर स्थानकावर फुकटच्या वाय-फायवर बँकेचे काम उरकणारा प्रवासी, व्हीपीएनसाठी (आपली इंटरनेटची वाहतूक सांकेतिक करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) पैसे भरण्यापूर्वी दोघांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हे एरवी इंटरनेट पुरवठादाराला दिसते. व्हीपीएन सुरू केल्यावर ते त्याला दिसेनासे होते, पण व्हीपीएन कंपनीला दिसू शकते.

म्हणून प्रथम, नेमके कोणापासून काय लपवायचे आहे ते ठरवावे. बँकांची संकेतस्थळे एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) वापरत असल्याने पासवर्ड वाय-फाय चालवणाऱ्याला एरवीही वाचता येत नाही, फक्त संकेतस्थळाचे नाव कळू शकते. उलट गुगल किंवा फेसबुकवर लॉगिन करून बसल्यास व्हीपीएन असूनही त्या कंपन्या आपल्याला ओळखतातच. एवढ्यावरच गरज संपत असेल, तर पैसे वाचवावेत.

गरज उरलीच, तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा तिचा पूर्वेतिहास पाहावा. माझ्या मते निवडीचा खरा कस इथेच लागतो. ‘आम्ही ग्राहकांच्या वापराच्या नोंदी ठेवत नाही’ असे सगळेच म्हणतात. प्युअरव्हीपीएनही तसेच म्हणत असे, पण २०१७ मध्ये अमेरिकेतील ऑनलाइन छळाच्या एका प्रकरणात तिच्याकडील नोंदींचा तपासात उपयोग झाल्याचे एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रातून उघड झाले. याउलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात गेले, तेव्हा ग्राहकांची माहिती साठवलेलीच नसल्याने त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले. असा प्रसंग गुदरलेला नसेल, तर त्रयस्थ संस्थेने केलेल्या तपासणीचा अहवाल शोधावा, मात्र तो त्या तारखेपुरताच खरा मानावा. नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधील भाड्याच्या सर्व्हरमध्ये २०१८ साली झालेली घुसखोरी कंपनीने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केली. अडचणीची गोष्ट कंपनी किती लवकर सांगते, हेही पाहण्यासारखे आहे.

मालक कोण, हेही पाहावे. एक्स्प्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही नावे वेगळी असली तरी तिन्ही केप टेक्नॉलॉजीज या एकाच समूहाची आहेत.

भारतातील नियमही तपासावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा ओळख क्रमांक) इत्यादी माहिती किमान पाच वर्षे ठेवायची आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे यादीत ‘भारत’ दिसले, तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात कोठे आहे ते कंपनीच्या मदत-पानावर वाचून घ्यावे.

दोन-तीन वर्षांची सवलत आकर्षक वाटली तरी आधी एकाच महिन्याचे पैसे भरावेत. ॲप बसवल्यावर किल स्विच सुरू करावा, म्हणजे व्हीपीएनची जोडणी तुटताच इंटरनेटही थांबेल आणि खरा आयपी पत्ता बाहेर पडणार नाही. मग आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन आपला मूळ पत्ता दिसत नाही ना ते पाहावे, आणि डीएनएस गळतीची (संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याच्या विनंत्या व्हीपीएनबाहेर जाण्याची) चाचणी करून तिथे आपल्या इंटरनेट पुरवठादाराचे नाव येत नाही ना याची खात्री करावी. बँकेचे ॲप परदेशी सर्व्हरवरून उघडत नसेल, तर स्प्लिट टनेलिंगच्या सेटिंगमध्ये तेवढे ॲप व्हीपीएनमधून वगळता येते.