खंदकातल्या लढाईनंतरचा फोटो कसा वाचावा

पहिल्या महायुद्धातला फोटो समोर आला की आपली नजर आधी चेहऱ्यांकडे जाते. चेहरे शेवटी बघा.

सुरुवातीला संग्रहालयातली मोठी प्रत आणि मूळ फोटोओळ मिळवा. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम आणि कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल यांचे संग्रह घरबसल्या पाहता येतात. रंग भरलेली प्रत वापरूच नका. तिच्यातल्या चिखलाचा रंग आज कुणीतरी मनाने ठरवलेला असतो.

मग जमीन. फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात मातीखाली खडूचा पांढरा दगड आहे, म्हणून खंदकांच्या कडा पांढऱ्या उमटतात. बेल्जियममध्ये ईप्रजवळ चिकणमाती आहे. तिथे पाणी मुरत नाही, तोफगोळ्यांच्या खड्ड्यांची डबकी होतात. फोटोओळ आणि माती जुळत नसतील तर फोटोओळीवर संशय घ्या.

आता आभाळ. इथे मी बरीच वर्षं फसलो. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली याचा १२ ऑक्टोबर १९१७ चा फोटो आहे: बेल्जियममधल्या झोनेबेक स्टेशनजवळच्या काँक्रीटच्या ठाण्याभोवती पडलेले जखमी आणि वर ढगांनी भारलेलं आभाळ. त्या आभाळाबद्दल मी मुलांसमोर भरभरून बोलत असे. नंतर कळलं की जखमी खरे, पण ढग दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून जोडलेले. फार वाईट वाटलं.

तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मसारख्या वापरल्या जाणाऱ्या बहुतेक काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाने चटकन भरून जात आणि तांबडा त्यांना जवळपास दिसतच नसे. जमीन नीट उमटवायची तर आभाळ पांढरंफटक व्हायचं. त्यामुळे कोरं आभाळ दिसलं म्हणून फोटोत खोट काढू नका.

पण ‘ढग दिसले की फोटो खोटा’ हा सर्रास मिळणारा सल्लाही चुकीचा आहे. पिवळा फिल्टर लावून ढग टिपता येत. तो सल्ला ऐकून मी काही अस्सल फोटो बाद केले होते. माणसांच्या सावल्या आणि ढगांची उजळ बाजू एकमेकांशी जुळतात का ते बघा. क्षितिजावर आणि जळक्या खोडांभोवती जोडाची फिकट रेघ आहे का? तेच ढग हर्लीच्या दुसऱ्या एखाद्या फोटोत दिसतात का? सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच प्रसंगाची न जोडलेली प्रत शोधणं.

एका निगेटिव्हमध्ये लढाई मावत नाही, असं हर्लीचं म्हणणं. युद्धाचा इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन अशा फोटोंना बनावट म्हणत. वाद हर्लीच्या राजीनाम्याच्या धमकीपर्यंत गेला. मी बीन यांच्या बाजूने आहे. जखमींच्या डोक्यावर त्या दिवशी जे आभाळ होतं, तेच आपल्याला दिसायला हवं.

धावून जाणारे सैनिक समोरून टिपलेले असतील तर छायाचित्रकार शत्रूच्या बाजूला कसा उभा होता, हे विचारा. १९१५ मध्ये फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांचे फोटो गर्डवुड या छायाचित्रकाराने काढले, त्यांतलेही काही प्रसंग मुद्दाम घडवलेले आहेत.

शेवटी माणसं. ब्रिटिश अधिकृत फोटोंमध्ये मृतदेह बहुतेक जर्मनांचे असतात, स्वतःचे क्वचितच. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. त्या दिवसाचे फोटो चाळताना हा आकडा शेजारी लिहून ठेवा.