बाथरूमची गळती आणि 'उद्या येतो' वाले मिस्त्री

पुण्यातला जुना फ्लॅट, आमच्या बाथरूममुळे खालच्यांच्या सिलिंगला ओल यायची. मिस्त्री लोकांचं एकच, ॲडव्हान्स मिळेपर्यंत रोज फोन, मिळाला की "साहेब गावाला आलोय". एकजण तर टाइल्सच्या सांध्यात नुसतं व्हाइट सिमेंट भरून गेला, थोड्या दिवसांत परत तेच.

मग पद्धतच बदलली. मटेरियल मी आणणार, मजुरी टप्प्याटप्प्याने, आणि मोठा हिस्सा टेस्ट पास झाल्यावरच. टेस्ट म्हणजे टाइल बसवायच्या आधी नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी वाहून जायचं तोंड) बंद करून पाणी तुंबवून ठेवायचं, निदान 24 तास, 48 असले तर उत्तम, आणि खाली जाऊन सिलिंग बघायचं. हे ऐकून दोघं-तिघं फिरकलेच नाहीत (बरंच झालं). जो तयार झाला त्याच्याही पहिल्या टेस्टला ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपलंच, म्हणजे खरी भानगड पाइप आणि स्लॅबच्या फटीत होती, टाइल्सचा काही संबंधच नाही. ती फट नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरली, वॉटरप्रूफिंगचं कोटिंग भिंतीवरही फूटभर चढवलं, परत पाणी भरलं, खालच्या काकू म्हणाल्या कोरडं आहे, तेव्हाच उरलेले पैसे दिले.

आता बाथरूमच्या दाराला सुतार हवाय. तो सकाळपासून "निघालोय" म्हणतोय.