फुल सस्पेन्शन माउंटन बाइक घरी खोलून नव्याने बांधण्याआधीची तयारी

फुल सस्पेन्शन (पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) माउंटन बाइक घरच्या घरी पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून आणि जमेल तिथे सुधारणा करून पुन्हा उभी करायची असेल, तर कोणते भाग बदलायचे, कोणते नुसते साफ करायचे आणि कोणत्या भागाला घरी हातच लावायचा नाही, हे पहिला बोल्ट ढिला करण्याआधी ठरलेले असले पाहिजे. साध्या सायकलीचा एखादा भाग चुकीचा आला तर दोन दिवसांत तो बदलून मिळतो. इथे मात्र मागचा त्रिकोण, त्याला जोडणारी लिंक, शॉक (मागचे धक्के झेलणारा भाग) आणि फोर्क (पुढचे चाक धरून धक्के झेलणारे दोन पाय) एकमेकांवर अवलंबून असतात आणि आपल्याकडे यांचे बरेचसे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळे एका चुकलेल्या मापापायी सगळी सायकल डब्या-पिशव्यांत महिनाभर पडून राहू शकते. ही यादी लिहिताना डोळ्यांपुढे ठेवली आहे ती २०१४-१५ च्या सुमाराची, ॲल्युमिनियम फ्रेमची, २७.५ इंची चाकांची आणि मागे दहा चक्रांची कॅसेट असलेली सायकल, जिने सह्याद्रीच्या लाल चिखलात काही पावसाळे काढलेले आहेत. जून ते सप्टेंबर या काळात वाटा निसरड्या आणि सांधे कायम ओले असतात, म्हणून हे काम पावसाळ्यातच हाती घेणे सोयीचे. मात्र भाग मागवायचे ते मे महिन्यातच मागवून ठेवावेत.

सुरुवात धुण्यापासून करावी. बादली, मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी एवढे पुरते. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत शिरते, म्हणून तो टाळावा. फ्रेम कोरडी झाल्यावर बॅटरीच्या उजेडात प्रत्येक वेल्ड पाहावे: सीट ट्यूब आणि टॉप ट्यूब जिथे मिळतात तो कोपरा, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागची खालची बाजू, चेनस्टेवरचा (चेनलगतच्या मागच्या नळ्यांवरचा) पूल आणि शॉक जिथे बसतो ते कान. रंगावर केसासारखी काळी रेघ दिसली तर तिच्यावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. नुसता ओरखडा असेल तर कापूस सहसा सरकून जातो, आणि तडा असेल तर तंतू कडेला अडकून राहतात. तडा निघाला तर यादी तिथेच थांबवावी. जवळच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेण्याचा मोह होतो, पण सायकलींच्या फ्रेमसाठी वापरले जाणारे ६०६१ जातीचे ॲल्युमिनियम वेल्डिंगनंतर भट्टीत उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय मूळ ताकदीवर येत नाही, आणि उतारावर अशा सांध्याचा भरवसा धरता येत नाही.

फ्रेम निर्दोष असेल तर मागचा त्रिकोण ज्यांवर हलतो त्या सांध्यांकडे वळावे. शॉकचे दोन्ही बोल्ट काढून शॉक बाजूला ठेवला की मागचा त्रिकोण हाताने वरखाली करता येतो, आणि बेअरिंगची खरी अवस्था इथेच कळते. चांगल्या सांध्यात चाक स्वतःच्या वजनाने संथ खाली येते; मध्येच अडखळले, खरखर जाणवली किंवा चाक आडवे हलवल्यावर खेळ दिसला, तर बेअरिंग बदलायलाच हवीत. सांध्याचे बेअरिंग पूर्ण फिरत नाही, ते थोड्याशाच कोनात पुढे-मागे होत राहते, त्यामुळे छर्रे त्याच जागी घासून कड्यांमध्ये खळगे पाडतात. बेअरिंगच्या सीलवर क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. हा क्रमांक दाखवला की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा तुमच्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात तेच माप मिळू शकते. तरीही सांध्यांसाठी पिंजरा नसलेली, छर्र्यांनी पूर्ण भरलेली बेअरिंग मिळाली तर तीच घ्यावीत, कारण जास्त छर्र्यांवर भार वाटला गेल्याने कमी फिरणाऱ्या जागी ती अधिक टिकतात. सगळ्या सांध्यांचे क्रमांक आणि नग वहीत लिहून एकदमच खरेदी करावी.

यानंतर मापे घ्यायची. यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि डिजिटल व्हर्निअर कॅलिपर हाताशी असल्याशिवाय त्याला हात घालू नये. शॉकची दोन मापे लागतात: दोन्ही डोळ्यांच्या मध्यांतले अंतर आणि दांडा किती आत जातो ते अंतर. जुन्या पद्धतीच्या मापांत १९०×५१, २००×५७ आणि २१६×६३ मिलिमीटर ही नेहमी भेटणारी मापे आहेत. २०१६ पासून आलेल्या मेट्रिक मालिकेत २१०×५५ किंवा २३०×६५ अशी वेगळी मापे आहेत, आणि दोन मालिकांची अदलाबदल होत नाही. जास्त चाल असलेला शॉक बसवला तर चाक जास्त वर येईल हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात पूर्ण दबल्यावर टायर सीट ट्यूबवर आदळू शकतो किंवा लिंक फ्रेमला टेकू शकते. शॉकच्या दोन्ही टोकांच्या नळ्यांची रुंदी आणि बोल्टचा व्यासही वेगळा मोजावा, कारण नवा शॉक बहुधा या नळ्यांशिवायच येतो आणि त्या फ्रेमच्या मापाने निराळ्या मागवाव्या लागतात.

पुढे नवा फोर्क घ्यायचा विचार असेल तर आधी हेड ट्यूब पाहावी. वरती सव्वा इंचाहून किंचित कमी आणि खाली दीड इंच अशी निमुळती दांडी हल्ली सर्रास असते, पण जुनी हेड ट्यूब ती घेतेच असे नाही. फोर्कची लांबी १० मिलिमीटरने वाढली की हेड अँगल (हेड ट्यूबचा कोन) साधारण अर्ध्या अंशाने झुकतो. एवढा फरक उतारावर सुखावह ठरतो, त्यापुढे जाताना मात्र फ्रेम बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा पाहावी. याहून मोठी अडचण एक्सलची, म्हणजे चाकाच्या आसाची. आजचे बहुतेक नवे ट्रेल फोर्क ११० मिलिमीटर रुंदीच्या बूस्ट हबसाठी असतात, तर आपल्या सायकलीचे पुढचे चाक १०० मिलिमीटरचे. काही हबना दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटरचे स्पेसर बसतात, पण तेव्हा डिस्कही तेवढीच बाहेर सरकवावी लागते, म्हणून डिस्कखालचा स्पेसर त्याच संचात आहे ना हे पाहावे. मागे १४२×१२ चा एक्सल असेल तर १४८ मिलिमीटरचे बूस्ट चाक त्या फ्रेममध्ये बसणारच नाही. त्यामुळे नव्या चाकांची जाहिरात पाहण्याआधी हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

गिअरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: बारा गिअरच्या मागे धावू नये. शिमानोच्या बारा गिअरच्या माउंटन कॅसेटला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब (हबचा कॅसेट बसणारा भाग) लागतो, स्रॅमच्या दहा दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडी फ्रीहब लागतो, आणि जुन्या हबसाठी हे भाग अनेकदा मिळतच नाहीत. शिमानोची अकरा गिअरची डिओर एम५१०० मालिकेतली ११-५१ दात्यांची कॅसेट मात्र जुन्या एचजी फ्रीहबवर सरळ बसते. तिच्याबरोबर त्याच मालिकेचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), शिफ्टर, अकरा गिअरची चेन आणि पुढे एकच चेनरिंग घेतली की सिंहगडासारखा चढही आवाक्यात येतो आणि पुढचा डिरेलर, त्याची केबल व शिफ्टर कायमचे निघून जातात. फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर ज्याला अडकवतात तो तुकडा) हा तिच्याच मॉडेलचा असतो, त्यामुळे एक जादा हँगर आत्ताच मागवून ठेवावा. २०१९ साली आलेल्या यूडीएच या सामाईक हँगरची जागा जुन्या फ्रेममध्ये नसते, म्हणून थेट फ्रेमवर बसणाऱ्या नव्या डिरेलरचा विचार सोडून द्यावा.

पैसे मर्यादित असतील, आणि ते बहुतेकांचे असतात, तर आधी सांध्यांची बेअरिंग, मग सस्पेन्शनची सर्व्हिस, मग ब्रेक, मग टायर, त्यानंतर ड्रॉपर सीटपोस्ट (चालवतानाच सीट वरखाली करणारी दांडी), मग गिअर आणि सगळ्यांत शेवटी चाके असा क्रम ठेवावा. नवे कार्बन हँडल ढिल्या सांध्यांच्या सायकलीवर बसवण्यात काहीच अर्थ नाही.

सस्पेन्शनचे कोणते काम घरी करायचे, याची रेषा आधीच आखावी. फोर्कच्या खालच्या पायांची सफाई घरी करता येते. रॉकशॉक्सच्या फोर्कसाठी ही सफाई साधारण दर ५० तासांनी आणि पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी करावी असे सांगितले जाते, तर फॉक्सकडे १२५ तास किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी येईल ते धरतात. यासाठी आपल्या फोर्कच्या नेमक्या मॉडेलचे आणि सालाचे सर्व्हिस मॅन्युअल छापून घ्यावे, कारण डाव्या आणि उजव्या पायात घालायच्या तेलाचे प्रमाण वेगळे असू शकते, आणि त्याच पानावरून वायपर सील, फोम रिंग, तळाच्या बोल्टचे वायसर व तेलाची जात यांची खरेदी करावी. शॉकच्या एअर कॅनचे (हवेच्या डब्याचे) सील बदलणेही घरी जमते, परंतु व्हॉल्व्हमधून हवा सोडताना शॉक सावकाश काही वेळा दाबावा, म्हणजे आतल्या निगेटिव्ह कप्प्यातली हवाही निघून जाईल. हवा सोडल्यावर शॉक दबलेल्या अवस्थेतच अडकून राहिला, तर आत दाब कोंडलेला आहे असे समजून तो अजिबात उघडू नये. अशा वेळी कॅन सुटून उडाल्यास गंभीर इजा होते. डॅम्परमध्ये (शॉकच्या हालचालीचा वेग आवरणाऱ्या भागात) बहुधा उच्च दाबाचा नायट्रोजन असतो आणि तो भरण्याची साधने घरी नसतात, म्हणून डॅम्पर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच पाठवावा आणि त्याचा जाण्यायेण्याचा वेळ वेळापत्रकात धरावा.

ब्रेकसाठी आधी लिव्हरवर किंवा झाकणावर काय छापले आहे ते वाचावे. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक डॉट ५.१ वर, एकाचा द्रव दुसऱ्यात गेला तर सील फुगून ब्रेक निकामी होतो, त्यामुळे दोन्हींच्या सिरिंज वेगवेगळ्या ठेवाव्यात. डॉट ५ हे नाव जवळचे वाटले तरी ते सिलिकोनचे असते आणि इथे चालत नाही. डॉटचा द्रव हवेतली ओल शोषतो, म्हणून पावसाळ्यात छोटी, न उघडलेली बाटली घ्यावी आणि उरलेला द्रव साठवू नये. डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजावी. शिमानोची डिस्क १.५ मिलिमीटरपर्यंत झिजली की बदलायची. पॅड काढल्याबरोबर स्वच्छ पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवावेत, कारण चेनवर मारलेल्या स्प्रेचे थोडेसे तुषारही त्यांना पुरेसे होतात.

अवजारांत दोन टॉर्क पाने हवेत: हँडल, स्टेम आणि शॉकच्या बोल्टसाठी २ ते २० न्यूटन मीटरचा आणि कॅसेट, बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्या फिरतात तो फ्रेममधला भाग) अशा घट्ट जागांसाठी मोठा. त्याशिवाय चांगल्या प्रतीच्या ॲलन की, टॉर्क्स बिट, चेन कटर, कॅसेटचे दोन पाने, बॉटम ब्रॅकेटचा पाना, शॉक पंप, प्लास्टिकची हातोडी, सर्किप पक्कड, मोजमापाच्या सिरिंज आणि नायट्राइलचे हातमोजे लागतील. बेअरिंग प्रेस विकत घेतलाच पाहिजे असे नाही. पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीसारख्या बाजारातून आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वायसर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढे सॉकेट आणले की काम होते. दाब नेहमी बाहेरच्या कड्यावरच यावा, आतल्या कड्यावर दाब देऊन बसवलेले नवे बेअरिंग बसवतानाच बिघडते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर त्याच्या उजव्या बाजूचेही, हे वहीत ठळक लिहून ठेवावे.

जागा कोरडी आणि उजेडाची असावी. स्टँड नसेल तर झोपाळ्याच्या कड्यांना दोर बांधून सायकल सीटच्या रुळांवर टांगता येते. स्टँड असेल तर फ्रेमची नळी चिमट्यात कधीच धरू नये. प्रत्येक सांध्याचे बोल्ट, वायसर आणि स्पेसर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवावेत, डब्यावर पट्टी लावून सांध्याचे नाव आणि बाजू लिहावी, आणि भाग निघण्याआधी व निघाल्यावर फोटो काढावा, कारण एक मिलिमीटरचा स्पेसर डावीकडचा की उजवीकडचा हे आठवड्यानंतर सांगता येत नाही. जुने लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) तारेच्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याखेरीज नवे लावू नये. नवे निळ्या जातीचे, फक्त आट्यांवर आणि थेंबभरच. फोर्कमधून निघालेले तेल गटारात न ओतता बाटलीत जमवून गॅरेजमध्ये द्यावे.

जोडणीचा क्रमही आधीच कागदावर असावा. चेनची लांबी ठरवताना शॉकमधली हवा पूर्ण सोडून मागचे चाक हळूहळू वर घ्यावे आणि एक्सल बॉटम ब्रॅकेटपासून सर्वांत दूर जातो त्या स्थितीत, सर्वांत मोठ्या चक्रावर माप घ्यावे. शॉक न दाबता माप घेऊन तोडलेली चेन मोठ्या दणक्यात ताणली जाऊन डिरेलर उखडू शकते. सॅग (स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती दबते ते) मोजताना हेल्मेट, पाण्याची पिशवी आणि बूट सगळे अंगावर असावे. ५७ मिलिमीटर चालीच्या शॉकला २५ ते ३० टक्के म्हणजे सुमारे १४ ते १७ मिलिमीटर आणि १५० मिलिमीटरच्या फोर्कला १५ ते २० टक्के म्हणजे २२ ते ३० मिलिमीटर, एवढ्यापासून सुरुवात करावी. पहिली फेरी घराजवळच्या टेकडीवरची, छोटी ठेवावी, सोबत शॉक पंप आणि छोटा टॉर्क पाना घ्यावा, आणि परत आल्यावर सांध्यांचा प्रत्येक बोल्ट त्याच्या ठरलेल्या टॉर्कवर पुन्हा तपासावा, कारण नवी बेअरिंग भाराखाली बसल्यावर काही बोल्ट किंचित ढिले होतात.