हरिश्चंद्रगडावर मुक्काम: आधी पाणी, मग जागा

गडावर पोचल्यावर पाठपिशवी टाकून लगेच आडवं व्हायची इच्छा होते, पण आधी पाणी बघा. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यातलं पिण्याचं टाकं कुठलं, हे चढायच्या आधी पाचनईतच विचारून घ्यावं. गावकऱ्यांना ते रोजचं माहीत असतं. मंदिरासमोरची पुष्करणी आणि केदारेश्वराच्या गुहेतलं कंबरभर गार पाणी यांत बाटली बुडवू नका. हिवाळ्यात टाकी भरलेली असतात, एप्रिल-मे मध्ये मात्र तळ दिसू शकतो, तेव्हा माणशी तीन लिटर खालूनच न्यावं. नितळ दिसलं तरी पाणी फडक्यातून गाळून किमान एक मिनिट खळखळून उकळा. क्लोरीनची गोळी टाकलीत, तर अर्धा तास तरी थांबा.

झोपायला मंदिरालगतच्या गुहा उत्तम. जमीन कोरडी आहे ना ते हाताने चाचपून पाहा आणि छताला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे चूल पेटवूच नका. धूर लागला की माश्या उठतात.

तंबू लावणार असाल तर कोकणकड्याच्या कडेला नको. फोटो झकास येतात, कबूल, पण रात्री खालून येणारा वारा तंबूचे खुंटे उपटतो. आडोशाची सपाट जागा शोधा, ओढ्याच्या पात्रात तर अजिबात नाही. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाला परवानगी आहे का, हेही आधी विचारा.